सायकल लेनमध्ये गाडी ‘थांबवणं’ आणि गाडी ‘लावणं’: नियमात फरक कुठे आहे आणि कुठे संपतो

सायकल लेनमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर टकटक केली की आतून हमखास एक उत्तर येतं: ‘लावलेली नाहीये, दोन मिनिटं थांबलोय.’ बोलणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. इंजिन चालू असतं, चारही इंडिकेटर लुकलुकत असतात, वरून कुणीतरी खाली येणार असतं. थांबवणं वेगळं आणि लावणं वेगळं, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं आणि तेही बरोबरच आहे. पण सायकल लेनच्या पट्ट्यावर चाक आलं की अनेक शहरांत हा फरक उरत नाही. तो का उरत नाही, हे गाडी चालवणाऱ्यांना नीट सांगितलं जात नाही, म्हणून वाद रस्त्यावरच होतात.

आधी मूळ फरक बघू. १९६८ मध्ये व्हिएन्ना इथे रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात या दोन गोष्टींची व्याख्या आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांत ती थोड्याफार बदलाने सापडते. माणसं किंवा माल चढवायला-उतरवायला लागतो तेवढाच वेळ गाडी उभी असेल, तर ती थांबलेली. त्याहून जास्त वेळ उभी असेल, तर ती लावलेली. सिग्नल लाल आहे, पुढे कोंडी आहे, कुणी आडवं आलं आहे म्हणून थांबावं लागलं, तर ते या दोन्हींत मोडत नाही.

या व्याख्येत काय नाही, तेही बघण्यासारखं आहे. इंजिन चालू आहे की बंद, याचा उल्लेख नाही. चालक सीटवर बसलाय की नाही, हेही विचारलेलं नाही. मित्र दारात उभा आहे, त्याला घेतलं आणि निघालो, तर ते थांबणं. मित्राची अंघोळ व्हायची आहे आणि आपण खाली गाडीत बसून गाणी ऐकतोय, तर गाडी लावलेलीच आहे, मग इंजिन कितीही गुरगुरत असो. चार इंडिकेटरचंही तेच. ‘माझ्यामुळे अडथळा झालाय, सांभाळा’ एवढा इशारा त्यातून मागच्यांना मिळतो, उभं राहण्याची परवानगी मिळत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्ते नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, तर स्पष्टच लिहिलंय की बेकायदा किंवा धोकादायक पार्किंगसाठी हे दिवे सबब म्हणून वापरू नका.

काही देशांनी या व्याख्येला घड्याळ जोडलं. जर्मनीत चालक गाडी सोडून गेला किंवा गाडी तीन मिनिटांपेक्षा जास्त उभी राहिली, की ती लावलेली धरतात. शेजारच्या ऑस्ट्रियात ही मर्यादा दहा मिनिटांची आहे आणि मालाची चढउतार चालू असेल, तर ती संपेपर्यंत. म्हणजे पाच मिनिटं नुसतं गाडीत बसून राहिलात, तर म्युनिकमध्ये गाडी लावलेली आणि व्हिएन्नात थांबवलेली. न्यूयॉर्कने दोनच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली माणसं आणि सामान दोन्ही चढवता-उतरवता येतं, ‘नो स्टँडिंग’खाली फक्त माणसं, आणि ‘नो स्टॉपिंग’खाली काहीच नाही.

पाट्या ओळखायच्या तर व्हिएन्ना पद्धतीत निळ्या वर्तुळाला लाल कड असते. आत एकच तिरपी लाल रेघ म्हणजे लावायला मनाई, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाही मनाई. नेदरलँड्समध्ये हेच फूटपाथच्या कडेवर पिवळ्या रंगाने दाखवतात: तुटक रेघ असेल तर लावू नका, सलग असेल तर थांबूही नका.

आता सायकल लेन. थांबणं आणि लावणं यांतला फरक मुळात गाडीवाल्याच्या गरजेतून आलेला आहे. म्हाताऱ्या माणसाला दारात उतरवायचंय, जड खोकं आत न्यायचंय, तर तेवढी सवलत द्यावी, आणि रुंद रस्त्यावर ती देता येते. मागची गाडी जरा बाजूने निघून जाते. ही सवलत सायकल लेनला जशीच्या तशी लावली की गणित बिघडतं. साधारण सायकल लेन दीड मीटर रुंद असते आणि एखादी मध्यम कार पावणेदोन मीटरच्या आसपास. तिथे गाडी उभी राहिली की ‘थोडी जागा अडली’ असं होत नाही, लेन बंद होते. दोन मिनिटांसाठी असो की दोन तासांसाठी, मागून येणाऱ्या सायकलवाल्याला ती बंदच मिळते.

तो क्षण सायकलवरून बघावा. ताशी १८ किलोमीटर हा काही शर्यतीचा वेग नाही, पण त्या वेगात सायकल सेकंदाला पाच मीटर जाते. पन्नास मीटर पुढे व्हॅन उभी दिसली, तर हातात दहा सेकंद असतात. तेवढ्यात खांद्यावरून मागे बघायचं. मागे बघताना हँडल जरासं वळतंच, ते सावरायचं. हात काढून इशारा द्यायचा, म्हणजे एक ब्रेक हातातून सुटला. मागची बस आपल्याला बघून वेग कमी करतेय की तशीच येतेय, हे ठरवायचं. समोर व्हॅनचं दार उघडेल की काय, तिकडेही एक डोळा. मग गाड्यांच्या रांगेत शिरायचं, व्हॅन ओलांडायची आणि पुन्हा आत यायचं. रोज सायकल चालवणारा माणूस हे जमवतो. दहा वर्षांची मुलगी किंवा नुकती सायकल शिकलेली बाई नाही जमवू शकत, आणि लेन मुळात त्यांच्यासाठी आखलेली असते. व्हॅनमागे त्या थांबतात, उतरतात आणि सायकल हातात धरून फूटपाथवर चढतात. दोन-तीनदा असं झालं की सायकल घरी राहते.

‘दोनच मिनिटं’ या युक्तिवादात अजून एक गोष्ट निसटते. प्रत्येक चालक आपल्या दोन मिनिटांचा विचार करतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पण एखाद्या गर्दीच्या दारासमोर एक गाडी निघाली की दुसरी येते. तासात अशा वीस गाड्या आल्या, तर चाळीस मिनिटं लेन बंद, आणि कायद्याच्या लेखी कुणीच गाडी लावली नाही.

जर्मनीचा अनुभव म्हणूनच मला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे सायकलसाठी रस्त्यावर दोन प्रकारचे पट्टे असतात. सलग रेघेचा पट्टा पूर्णपणे सायकलचा. तुटक रेघेचा पट्टा संरक्षक पट्टा म्हणून ओळखला जातो आणि समोरून मोठं वाहन आलं तर गरजेपुरतं त्यावर चाक घालता येतं. या तुटक पट्ट्यावर पूर्वी गाडी लावायला मनाई होती, पण थांबायला नव्हती. मग तीन मिनिटांच्या आतलं थांबणं नियमात बसायचं, आणि संरक्षणासाठी आखलेला पट्टा रस्त्याकडेला क्षणभर उभं राहायची जागा होऊन बसायचा. एप्रिल २०२० मध्ये नियम बदलला आणि तिथे थांबायलाही बंदी आली. रेघ तीच, पट्टा तोच, फक्त ‘लावू नये’च्या जागी ‘थांबू नये’ आलं.

न्यूयॉर्कच्या नियमात हे आधीपासूनच स्वच्छ आहे: आखलेल्या सायकल लेनमध्ये थांबणं, उभं राहणं आणि लावणं यांना एकच दंड, ११५ डॉलर. फ्रान्सने जुलै २०१५ मध्ये सायकल पट्ट्यावर थांबणं आणि लावणं, दोन्ही ‘अतिशय अडथळा आणणाऱ्या’ वर्गात टाकलं आणि दंड ३५ युरोंवरून थेट १३५ युरोंवर नेला. माझ्या मते दोन्हींना एकाच मापाने मोजणं हेच योग्य आहे.

यात अंमलबजावणीचाही भाग आहे आणि तो लहान नाही. गाडी लावली हे सिद्ध करायचं तर पोलिसाला किंवा वॉर्डनला तिथे घड्याळ लावून उभं राहावं लागतं. चालक कधी आला, किती वेळ झाला, खोकी खरंच उतरत होती का? थांबण्यालाच बंदी असेल तर हे प्रश्नच उरत नाहीत. गाडी लेनमध्ये उभी आहे, पुढे सिग्नल किंवा कोंडी नाही, एवढं दिसलं की पुरे. ज्या शहरात वॉर्डन मोजकेच आहेत, तिथे पाटीवर एक रेघ आहे की फुली, यावर लेन मोकळी राहणार की नाही हे ठरतं.

पण सगळीकडे इतकं सरळ नाही, आणि अनोळखी शहरात गाडी चालवताना इथेच फसायला होतं. ब्रिटनमध्ये सलग पांढऱ्या रेघेची सायकल लेन तिच्या लागू वेळेत पूर्ण बंद: थांबू नये, लावू नये. हायवे कोडमध्ये त्यासाठी सक्तीची भाषा आहे, म्हणजे मागे कायदा आहे. तुटक रेघ असेल तर मात्र ‘टाळता येत असेल तर टाळा’ असा सल्ला आहे. तुटक रेघेसोबत कडेला दुहेरी पिवळी रेघ असेल, तर लावता येत नाही, पण फूटपाथच्या कडेवर मालाच्या चढउतारीला मनाई करणाऱ्या आडव्या पिवळ्या खुणा नसतील, तर माल उतरवता येतो. सायकलवाल्याच्या वाट्याला पुन्हा तीच व्हॅन येते, फक्त आता ती नियमात बसते.

कॅलिफोर्नियात राज्याचा कायदा याहून ढिला आहे. सायकल लेनमधून मोटार चालवायला बंदी, पण जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे ते करण्यासाठी लेनमध्ये शिरण्याची मुभा. म्हणजे नुसती लेन आखल्याने पार्किंग आपोआप बंद होत नाही. शहराने तिथे वेगळी मनाई करून पाटी लावावी लागते. पाटी नसेल तर रंगवलेल्या सायकलच्या चित्रावरही गाडी उभी राहू शकते. हा कायदा मला पटत नाही.

नेदरलँड्सचा नियम मात्र बारकाईने केलेला आहे. तिथे पट्ट्याच्या लाल रंगाला कायद्यात अर्थ नाही, त्यावरच्या सायकलच्या चित्राला आहे. पट्ट्यावर सायकलचं चित्र असेल तर ती कायद्याने सायकल लेन, मग रेघ सलग असो की तुटक, थांबायला मनाई. चित्र नसेल तर तो नुसता सुचवलेला पट्टा, लाल असला तरी त्याला लेनचं संरक्षण नाही. आणि एक गोष्ट इतरांनी उचलावी अशी आहे: तिथे लेनमध्येच नाही, तर लेनला लागून मुख्य रस्त्यावर थांबायलाही मनाई आहे. हे वाचून आधी जाचक वाटतं, पण त्यामागे दार आहे. लेनबाहेर थांबलेल्या गाडीतून प्रवासी उतरतो, तेव्हा दार लेनमध्येच उघडतं. त्या दारावर आदळणं किंवा ते चुकवताना पडणं, हा सायकलवाल्यांच्या ओळखीच्या अपघातांपैकी एक आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये हायवे कोडमध्ये दाराकडच्या नव्हे, तर दूरच्या हाताने दार उघडायचा सल्ला घातला, कारण तसं करताना शरीर वळतं आणि नजर आपोआप मागे जाते.

सामान पोचवणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे आणि ती बाजूला सारून चालणार नाही. दिवसभर दारोदार पार्सलं टाकणाऱ्या माणसाला थांबायला जागाच ठेवली नाही, तर तो सायकल लेनमध्येच थांबणार आणि दंड हा त्याच्या रोजच्या खर्चाचा भाग होणार. थांबण्यावर बंदी घालणाऱ्या शहराने त्याच रस्त्यावर किंवा जवळच्या गल्लीच्या तोंडाशी माल उतरवायची ठरावीक जागा द्यायला हवी, आणि ती बहुतेक वेळा एक-दोन पार्किंगच्या जागा काढूनच मिळते. त्या जागा काढायला लोक विरोध करतात, महापालिका मागे हटते आणि शेवटी त्याची किंमत सायकल लेन भरते. लेनला नुसत्या रंगाऐवजी कठड्याने वेगळं केलं, तर थांबण्या-लावण्याचा प्रश्न बराच मिटतो, पण माल उतरवायची जागा तरीही लागतेच.

शेवटी, उगाच दंड भरायला लागू नये म्हणून: काही वेळा चाक लेनमध्ये असूनही तो गुन्हा ठरत नाही. घराच्या फाटकात किंवा आवारात वळताना लेन ओलांडणं सगळीकडे चालतं, फक्त सरळ जाणाऱ्या सायकलला आधी जाऊ द्यायचं. गाडी अचानक बंद पडली तर ती लावली असं होत नाही. दिवे आणि त्रिकोण लावून ती शक्य तितक्या लवकर हलवायची. फाटकात वळताना पुढची गाडी अडली म्हणून आपण लेनवर आडवे अडकलो, तर कायद्याच्या व्याख्येत ते थांबणं नाही. पण पुढे आपल्या गाडीपुरती जागा दिसेपर्यंत लेनच्या अलीकडेच थांबून राहता येतं, आणि वळताना खरी काळजी घ्यायची ती तिथेच.