कांडीतल्या शुक्राणूला परकं गाठोडं

पारोळ्याजवळच्या एका खळ्यात गाय माजावर आली होती. पशुधन पर्यवेक्षकानं नायट्रोजनच्या भांड्यातून, उणे १९६ अंशांतून, चिमट्यानं गोठवलेल्या वीर्याची कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, पुसून टोक कापलं. आप्पांनी गाईची शेपटी धरत विचारलं, "डॉक्टर, कपाशीत बीटी आली, तशी या कांडीतूनच काही घालता येईल का?"

प्रश्न वेडगळ नाही. कपाशीत बीटीचं जनुक मातीतल्या एका जिवाणूकरवी पोहोचवलं होतं. मग शुक्राणू तर बापाचा डीएनए पोहोचवण्यासाठीच जन्मलेला! १९७१ साली ब्रॅकेट आणि सहकाऱ्यांनी सशाचे शुक्राणू एका विषाणूच्या डीएनएत मिसळले, तर त्यांनी तो उचलला. १९८९ मध्ये इटलीतल्या लाव्हित्रानो आणि स्पादाफोरा यांच्या गटानं तसेच भारलेले उंदराचे शुक्राणू वापरून जन्मलेल्या पिल्लांत परकं जनुक सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. हाती भोपळा.

डीएनए चिकटतो हे मात्र खरं. तो शेपटीला नाही, डोक्याच्या मागच्या भागाला चिकटतो. तिथल्या काही प्रथिनांवर धन भार असतो, डीएनएवर ऋण. मग सीडी४ नावाच्या प्रथिनाच्या मदतीनं त्यातला काही भाग आत, थेट केंद्रकापर्यंत खेचला जातो. पण आत जागा कुठे? बापाचा डीएनए प्रोटामीन या प्रथिनांनी असा आवळलेला असतो, जशी जिनिंगमध्ये दाबून बांधलेली कापसाची गाठ. शिवाय आगंतुक डीएनए आला की शुक्राणूतली डीएनए कापणारी विकरं जागी होतात, आणि कधी कधी घरच्या डीएनएवरही कात्री चालवतात. जो वाचतो तोही बहुधा गुणसूत्रात न रुजता सुटाच राहतो आणि पेशी विभागत गेल्या की हरवतो.

त्याआधीचा पहारा तर वीर्यद्रवाचा. शुक्राणूंभोवतीच्या या द्रवातला एक घटक परक्या डीएनएला चिकटूच देत नाही. म्हणून प्रयोगात शुक्राणू आधी धुवावे लागतात. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

डुकरांत इटलीच्याच गटाला बरं यश आलं. २००२ साली त्यांनी माणसाचं एक जनुक असलेली डुकरं याच वाटेनं जन्माला घातल्याचं दाखवलं, अवयवरोपणाच्या आशेनं. तरी रोजच्या वापरातली पद्धत काही झाली नाही.

पर्यवेक्षकानं हातमोजा काढला. "आप्पा, एकवीस दिवसांनी गाय उलटली नाही, पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे मिळवलं. बीटीचं मग पाहू."