रोग मोजण्याआधी दवाखाने मोजा

2020 साली अमेरिकेत क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाचे नोंदवलेले रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा 13 टक्क्यांनी घटले. मथळ्यापुरतं वाचणाऱ्याला वाटेल, चला, कोविडच्या काळात लोक घरी बसले आणि निदान एक तरी रोग आटोक्यात आला. पण त्याच वर्षी गनोरिया या दुसऱ्या लैंगिक आजाराचे रुग्ण सुमारे 10 टक्क्यांनी वाढले, आणि जन्मतःच सिफिलिस (उपदंश) असलेल्या बाळांची संख्या त्याहूनही वेगाने वाढली. लोक घरी बसले म्हणून एक रोग कमी झाला आणि दुसरे वाढले, हे कसं शक्य आहे?

उत्तर क्लॅमिडियाच्या स्वभावात आहे. बहुतेकांना त्याची लक्षणं जाणवतच नाहीत. तो सापडतो तो नेहमीच्या तपासणीत, कोणीतरी आपणहून नमुना घेतला तरच. 2020 मध्ये अनेक दवाखाने बंद किंवा अर्धवेळ चालू होते आणि त्यांतले कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपले होते. तपासण्या कमी झाल्या, म्हणून नोंदीही कमी झाल्या. खुद्द सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने, ही घट खरी मानू नका असंच बजावलं होतं.

थोडक्यात, नोंदवलेला आकडा म्हणजे प्रत्यक्ष संसर्ग गुणिले तो सापडण्याची शक्यता. पहिली संख्या कोणालाच थेट दिसत नाही. दुसरीचा अंदाज मात्र घेता येतो, आणि त्यासाठी रुग्णांकडे न जाता आरोग्य विभागांकडे जावं लागतं. तुमच्याकडे लैंगिक आजारांचा दवाखाना आहे का? आठवड्यातून किती तास? तपासणी फुकट की पैसे पडतात? रुग्णाच्या जोडीदाराला शोधायला माणूस आहे का? असं सर्वेक्षण वाचायला रूक्ष वाटतं. मला ते या क्षेत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम वाटतं.

अमेरिकेत हे विचारणं सोपं नाही. तिथे सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी मुख्यतः राज्यांची, आणि त्यांच्याखाली काउंट्या (म्हणजे तिथले जिल्हे) आणि शहरं यांचे मिळून तीनेक हजार स्थानिक आरोग्य विभाग. त्यांतले साधारण 60 टक्के विभाग 50 हजारांपेक्षा कमी वस्तीचे, आणि त्या सगळ्यांच्या वाट्याला मिळून देशाची जेमतेम 10 टक्के लोकसंख्या येते. उलट पाच लाखांच्या वरचे विभाग फक्त पाच-सहा टक्के, पण देशाची निम्मी लोकसंख्या त्यांच्याकडे. इथेच खरी गंमत सुरू होते.

समजा, देशात 100 विभाग आहेत: 60 लहान, 34 मध्यम, 6 मोठे. लहानांपैकी 40 विभागांनी दवाखान्याचे तास कमी केले. बातमी होईल, "40 टक्के विभागांत कपात." पण झळ पोचली ती सुमारे 7 टक्के लोकसंख्येला. आता उलटं घ्या. मोठ्या सहांपैकी तिघांनी तास कमी केले. विभागांच्या हिशेबात हे 3 टक्के, कोणी दखलही घेणार नाही. लोकांच्या हिशेबात मात्र देशाचा चौथा हिस्सा. दोन्ही टक्केवाऱ्या बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दवाखाना किती दूर आहे हे कळायला पहिली लागते, रोग किती पसरेल याचा अंदाज घ्यायला दुसरी. म्हणून सर्वेक्षणाच्या अहवालात टक्केवारी दिसली की आधी पाहावं, ती कशाची आहे.

पुढची पायरी भाराची. सगळ्यांना विचारणं परवडत नाही, म्हणून नमुना घेतात. मोठे विभाग हातचे सोडून चालत नाहीत, ते बहुधा सगळेच घेतात. लहान 60 पैकी समजा 15 निवडले. मग प्रत्येकाचं उत्तर चार विभागांच्या वतीने मोजायचं, म्हणजे त्याचा भार 4. त्या 15 पैकी पाचांनीच उत्तर पाठवलं, तर भार वाढवून 12 करायचा. गणित जुळतं. पण हे करताना आपण गुपचूप एक गृहीतक आत घेतलं, की न बोललेले दहा बोललेल्या पाचांसारखेच आहेत. तसे ते असतील का? प्रश्नावली भरायला वेळ कोणाला मिळतो? ज्याच्याकडे माणसं आहेत त्याला. जिथे एकच नर्स लसीकरण, क्षयरोग आणि लैंगिक आजार असं सगळं सांभाळते, तिथे तो कागद टेबलावरच पडून राहतो. पाचांपैकी चौघांनी "जोडीदार शोधायला माणूस आहे" म्हटलं तर अहवालात 80 टक्के छापून येईल. गप्प राहिलेल्या दहांपैकी दोघांकडेच तो असेल, तर त्या पंधरांचा खरा आकडा 40 टक्के आहे. यावर पूर्ण उपाय नाही. गप्प विभागांची लोकसंख्या, अंदाजपत्रक, आधीच्या पाहणीतली उत्तरं ताडून भार दुरुस्त करतात, पुन्हा पुन्हा फोन करतात, आणि उशिरा उत्तर देणारे लवकर देणाऱ्यांपेक्षा वेगळे दिसतात का ते तपासतात. दिसले, तर गप्प राहिलेले आणखी वेगळे असणार असा कयास बांधता येतो.

2013-14 मध्ये तिथे असं एक सर्वेक्षण झालं. लैंगिक आजारांची तपासणी-उपचार करणारे किंवा या आजारांचे रुग्ण अथवा त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या 50 भागांत मोडणारे 1,225 स्थानिक विभाग होते, त्यांतल्या 331 जणांना विचारलं. 60 टक्क्यांहून अधिक विभागांनी नुकतीच पैशांची कपात झाल्याचं सांगितलं. अशा विभागांपैकी सुमारे 40 टक्क्यांनी दवाखान्याचे तास कमी केले होते; नेहमीची तपासणी आणि जोडीदारांचा शोध यांनाही तेवढ्याच प्रमाणात कात्री लागली होती.

यातली जोडीदारांच्या शोधाची कात्री मला सर्वांत घातक वाटते. सिफिलिसचा जंतू शिरल्यापासून पहिला व्रण दिसेपर्यंत 10 ते 90 दिवस जातात, सरासरी 21. या काळात रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून गेल्या 90 दिवसांत संबंध आलेल्या व्यक्तीला तपासणी निर्दोष असली तरी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. रोग पुढे जायच्या आत साखळी तोडायची, तर त्या व्यक्तीचं दार वेळेत कोणीतरी ठोठावायला हवं. शिवाय हा व्रण दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. शेकडो वर्षं गुप्तरोगांवरच्या भस्मांना, ताईतांना आणि जडीबुटीवाल्यांना जे यश मिळालं, ते बरंचसं या एका गोष्टीच्या जिवावर. व्रण गेला म्हणजे औषध लागू पडलं असं रुग्णाला वाटतं, आणि जंतू शरीरात पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. आजही इंटरनेटवर असले इलाज विकले जातात, ते सरळ फसवणूक आहेत.

अमेरिकेत 2000 साली सिफिलिसच्या पहिल्या दोन टप्प्यांचे रुग्ण सहा हजारांच्याही खाली आले होते आणि रोग हद्दपार करण्याची राष्ट्रीय योजना आखून झाली होती. जन्मजात सिफिलिसची बाळं 2012 मध्ये 335 होती. 2023 मध्ये ती 3,882 झाली. एकट्या दवाखान्यांच्या कपातीने हे झालं असं म्हणता येणार नाही; अमली पदार्थ, घरभाड्याची ओढाताण, गरोदरपणातली तपासणी न मिळणं, अशी कारणं एकमेकांत गुंतली आहेत. तरीही 2022 च्या अशा बाळांपैकी सुमारे 90 टक्के बाळांचा आजार वेळेवर तपासणी आणि उपचार मिळाले असते तर टळला असता, असं सीडीसीनेच सांगितलं.

आणि हा वेळ मोजता येतो. बाळाचा बचाव पुरेसा मानायचा, तर आईचा उपचार प्रसूतीच्या किमान 30 दिवस आधी सुरू व्हावा लागतो. "सिफिलिसवर उपचार करता का?" या प्रश्नाला पेनिसिलिनचं इंजेक्शन स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवणारा विभागही "हो" म्हणतो, आणि चिठ्ठी देऊन दुसऱ्या काउंटीत पाठवणाराही "हो"च म्हणतो. 2023 मध्ये त्या इंजेक्शनचा तिथे तुटवडा पडला, तेव्हा या दोन "हो"मधलं अंतर गरोदर बाईच्या वाट्याला आलं. पुढच्या सर्वेक्षणात हा प्रश्न असा विचारायला हवा: रक्ताच्या अहवालात सिफिलिस सापडल्यापासून पहिली सुई टोचेपर्यंत तुमच्याकडे किती दिवस जातात?