मांजर हवंय, पण जोडीदार नको म्हणतोय

एकाला मांजर हवं असतं, दुसऱ्याला नको असतं. मग घरात कितीतरी दिवस तोच विषय. एकजण मोबाइलवर पिल्लांचे फोटो दाखवतो, दुसरा मान फिरवतो, आणि शेवटी कोणीतरी शहाणं माणूस सुचवतं, "घेऊनच या सरळ, आपोआप लळा लागेल." हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पुष्कळ घरांत लळा लागतो, हे खरंच आहे. पण जिथे लागत नाही, तिथल्या मांजराला काही महिन्यांत दुसरं घर शोधावं लागतं, आणि जोडीदाराच्या मनातला सल राहतो तो वेगळाच. त्यापेक्षा 'नको'च्या मागे नेमकं काय आहे, ते आधी विचारा. शिंका, वास, शाकाहारी स्वयंपाकघर, पोटातल्या बाळाची काळजी, नाहीतर नुसतीच नावड. या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि काही ठिकाणी जोडीदाराचंच बरोबर निघतं.

सुरुवात ॲलर्जीपासून करायला हवी, कारण तिच्यापुढे लळा-माया काही चालत नाही.

"मला मांजराच्या केसांची ॲलर्जी आहे" असं लोक म्हणतात, पण केस हे नुसतं वाहन आहे. त्रास देतं ते 'फेल डी १' नावाचं प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींमध्ये तयार होतं. मांजर अंग चाटत असताना जवळून बघा. खरखरीत जीभ पाठीवरून फिरली की केस ओले होऊन त्यांच्या बारीक बटा होतात, आणि थोड्याच वेळात वाळून पुन्हा मोकळ्या होतात. लाळेतलं पाणी उडून जातं, प्रथिन मात्र केसांवर आणि कातडीच्या कोंड्यावर बसून राहतं. मांजराने अंग झटकलं, सोफ्यावर लोळण घेतली की ते हवेत उडतं. त्यातले काही कण ५ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. असे कण चटकन खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. वर ते भलतेच चिकट. पडदे, गाद्या, कपडे, भिंती, सगळीकडे बसतात. मांजर पाळणाऱ्या मुलांच्या कपड्यांवरून ते शाळेच्या वर्गात पोहोचतात, आणि ज्या घरात कधीच मांजर नव्हतं अशा घरांतल्या धुळीतही सापडलेले आहेत.

म्हणूनच "केस न गळणारी जात आणू" हा तोडगा फोल ठरतो. बिनकेसांचं स्फिंक्स मांजरही हे प्रथिन बनवतंच. जातीपेक्षा एकेका मांजरात फरक जास्त असतो. नसबंदी न केलेला बोका सर्वांत जास्त प्रथिन सोडतो, नसबंदीनंतर ते प्रमाण उतरतं. माद्यांमध्ये ते बोक्यापेक्षा कमी असतं.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती नाकातल्या, डोळ्यांतल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. कण आला की या पेशी चेतवल्या जातात, त्यांतून हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं, आणि डोळे चुरचुरणं, शिंका, धाप असा सगळा प्रकार सुरू होतो. तेव्हा "हळूहळू सवय होईल" या भरवशावर जोडीदाराला ठेवू नका. काहींची लक्षणं सहवासाने सौम्य होतात, काहींना मात्र नुसत्या शिंकांवरून दम्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

मांजर आणण्याआधी दोन गोष्टी करता येतात. ज्यांच्याकडे मांजर आहे अशा मित्रांकडे दोघांनी मिळून तीन-चार वेळा निवांत जाऊन बसायचं. आणि शंका वाटलीच तर डॉक्टरांकडे त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातल्या आयजीईची तपासणी करून घ्यायची. हे आधी करायचं कारण असं की घाईत आणलेलं मांजर परत दिलं, तरी त्रास लगेच थांबत नाही. मांजर घरातून गेल्यानंतर हे प्रथिन बिनमांजराच्या घराइतकं कमी व्हायला पाच-सहा महिने लागू शकतात.

तपासणीत सौम्य ॲलर्जी निघाली तर मार्ग आहेत. झोपायच्या खोलीत मांजराला मज्जाव, जाड पडदे आणि गालिचे काढून टाकणं, हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र. २०१९ साली प्राण्यांचं खाणं बनवणाऱ्या प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी वेगळीच वाट दाखवली: कोंबडीच्या अंड्यात फेल डी १ ला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार करायची आणि ते अंडं मांजराच्या खाण्यात मिसळायचं. खाताना लाळेतलं प्रथिन तिथल्या तिथे बांधलं जातं. मांजरांच्या केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी नोंदवलं. संशोधन हे खाणं विकणाऱ्या कंपनीचंच आहे हे लक्षात ठेवूनही कल्पना मोठी सुंदर आहे. पण निम्मं प्रथिन तरी उरतंच. जोडीदाराला दमा असेल आणि मांजराजवळ गेल्यावर तो बळावत असेल, तर माझ्या मते विषय तिथेच संपवावा.

आता वास. "घरभर मुतेल" ही भीती बहुतेकांनी सोसायटीच्या जिन्यात बोक्याने फवारा मारलेला अनुभवून कमावलेली असते, त्यामुळे ती खोटी नाही. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं एक विलक्षण अमिनो आम्ल असतं. त्यात गंधक असतं, आणि त्याचं विघटन झालं की तो डोक्यात जाणारा उग्र दर्प सुटतो. जपानच्या मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं की कॉक्सिन नावाचं प्रथिन या फेलिनीनची निर्मिती ठरवतं. पूर्ण वाढलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्यात दोन्हींचं प्रमाण सर्वाधिक, आणि नसबंदीनंतर ते झपाट्याने खाली येतं. म्हणजे जिन्यातला तो वास हा हार्मोनचा वास आहे. मांजरं साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येतात. पाचव्या महिन्याच्या आसपास व्हेटकडून नसबंदी करून घेतली, तर तो दर्प आणि फवारे मारण्याची सवय, दोन्ही बहुतेक वेळा सुरूच होत नाहीत.

राहिला लिटर ट्रेचा, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी माती घालून ठेवलेल्या ट्रेचा वास. मांजराची शी-शू पुरून टाकण्याची ओढ उपजत असते, तिला फक्त उकरायला जागा हवी. १९४७ पर्यंत अमेरिकेतही लोक त्यासाठी राख नाहीतर वाळू ठेवत. त्या वर्षी मिशिगनमधल्या एड लो याने एका शेजारणीला राखेऐवजी मुलतानी मातीच्या जातीचे दाणे देऊन पाहिले, आणि घरात राहणाऱ्या मांजराचं जगच बदललं. आजचं गोळे होणारं लिटर बेंटोनाइटचं असतं. ही माती ओलावा शोषून फुगते आणि लघवीचा गोळा तयार होतो. तो वेळच्या वेळी काढला तर जिवाणूंना युरियापासून अमोनिया बनवायला उसंतच मिळत नाही. दिवसातून दोनदा खोऱ्याने गोळे काढले की पाहुण्याला वास येत नाही. हे काम हौस असलेल्याने करायचं. नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात ते पडलं, की त्याचा नकार रास्तच ठरतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास निघते, ती शाकाहारी घराची. "दूध-भातावर राहील की" असं म्हणून वेळ मारून नेली जाते, आणि इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं की ते राहत नाही. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा पदार्थ त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, आणि तो मांस-माशांतूनच मिळतो. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांना केसिन हे दुधातलं प्रथिन देऊन वाढवलं, तेव्हा टॉरिनअभावी त्यांचा डोळ्यांतला पडदा झिजत गेला. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात आढळलं की टॉरिन कमी पडलं तर हृदयाचे स्नायूही कमजोर होतात. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. गोडाची चवसुद्धा त्यांना कळत नाही, कारण ती ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी आहे. घरात मासे शिजवायचे नसतील तर टॉरिन घातलेलं तयार कोरडं खाणं हा मधला मार्ग आहे. तेही मांसाचंच असतं, हे मात्र जोडीदारापासून आणि सासूबाईंपासून लपवू नये. तेवढंही चालणार नसेल तर त्या घरात ससा आणावा, मांजर नको.

गरोदरपणातली भीती पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. ती निराधार नाही, पण तिचा रोख चुकतो. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून याची बीजं टाकतं. ताज्या विष्ठेतली बीजं लगेच लागण करत नाहीत, त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ झाला की धोका फारच घटतो, आणि गरोदरपणात ते काम नवऱ्याने करायचं. कच्चं मांस न खाणारं, बाहेर न भटकणारं मांजर हे लागणीचं तसं दुर्मीळ कारण. अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांच्याकडे जास्त लक्ष हवं.

रेबीजबद्दल मात्र हयगय नको. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, मग व्हेट सांगेल त्याप्रमाणे दरवर्षी. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि जोडीदाराला नुसतंच आवडत नसेल तर? मांजर १२ ते १५ वर्षं, कधी २० वर्षंही जगतं. इतक्या वर्षांसाठीची नावड विज्ञानाने खोडून काढता येत नाही. पण मांजराच्या स्वभावाबद्दलचं ज्ञान इथे थोडं कामी येतं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना जितक्या माणसांनी त्याला हाताळलेलं असेल, तितकं ते पुढे माणसांत रमतं. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं पुढे जास्त आक्रमक होतात, असं हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये साडेपाच हजारांहून अधिक मांजरांच्या पाहणीतून दाखवलं. महिन्याभराचं गोंडस पिल्लू उचलून आणलं आणि पुढे तेच जोडीदाराच्या पायाला चावू लागलं, तर नावड पक्की होणारच. बारा आठवड्यांचं, माणसाळलेलं पिल्लू घ्या, किंवा स्वभाव ठरून गेलेलं मोठं मांजर. जोडीदाराला सांगा की मांजराच्या मागे लागू नको, येईल तेव्हा येऊ दे. मांजराने स्वतःहून साधलेली जवळीक जास्त वेळ टिकते. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या प्रयोगांत असंही दिसलं, की माणसाने मांजराकडे बघून डोळे हळूच बारीक केले आणि मिटले, तर मांजरही तसंच करतं, आणि अनोळखी माणसाकडेही जास्त सहज येतं.

एवढं करूनही एकमत होत नसेल तर फॉस्टरिंग करा. मुंबई-पुण्यात भटकी पिल्लं वाचवणारे स्वयंसेवक कायम तात्पुरत्या घराच्या शोधात असतात. महिना-दीड महिना पिल्लू सांभाळायचं, मग ते त्याच्या कायमच्या घरी जातं. ट्रे कोण साफ करतं, पहाटे पाचला कोण उठतं, कोणाचं नाक वाहतं, हे सगळं तेवढ्या काळात बऱ्यापैकी कळतं, आणि नको म्हणणाऱ्यालाही शेवटची तारीख माहीत असते. पिल्लू आणायच्या आधीच खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत जाळी बसवून घ्या. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची पातळ जाळी मांजराच्या नखांपुढे आणि दातांपुढे टिकत नाही.