७×५७ माउझर: जड गोळीकडे परत फिरलेलं काडतूस

७×५७ माउझर या रायफलीच्या काडतुसाच्या पुंगळीत (दारू भरायच्या पितळी नळकांड्यात) १७५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची, लांबलचक गोळी बसवून घरी काडतुसं भरणारे शिकारी अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत आजही आहेत. जुन्या काडतुसाकडून नवं काम करून घेतल्याच्या थाटात ते त्याबद्दल बोलतात. खरं तर उलटं आहे. या काडतुसाचा जन्मच जड गोळीसाठी झाला होता. हलकी गोळी मागाहून आली, तीही मुख्यतः सैन्याच्या गरजेपोटी. कारखान्यांनी मग तीच नेहमीची करून टाकली. घरी काडतूस भरणारा माणूस इथं शोध लावत नाही, घड्याळाचे काटे मागं नेतो.

सुरुवात बंदुकीच्या धूरविरहित दारूपासून करावी लागते. १८८६ मध्ये फ्रेंचांनी लेबेल रायफल आणली आणि युरोपातल्या सगळ्या सैन्यांची झोप उडाली. काळ्या दारूच्या जमान्यात गोळी ११ मिलिमीटरच्या आसपास जाड असे, कारण वेग वाढवायला फारसा वाव नव्हता. मारा वाढवायचा तर वजन वाढवा, एवढाच उपाय. नव्या दारूनं वेग दिला, त्यामुळे गोळी बारीक करता आली. पण गोळी जड हवी ही समजूत लगेच सुटली नाही. म्हणून गोळी बारीक झाली तशी लांब झाली. जर्मनीत ओबर्नडॉर्फला पॉल माउझरनं १८९२ च्या सुमारास ७ मिलिमीटरचं काडतूस तयार केलं आणि १८९३ मध्ये स्पेननं ते रायफलीसकट स्वीकारलं. पुंगळीची लांबी ५७ मिलिमीटर. गोळी गोल टोकाची, ११.२ ग्रॅमची, म्हणजे १७३ ग्रेनची. वेग सेकंदाला साधारण ७०० मीटर, २,३०० फूट.

या गोळीचे ठसे रायफलच्या नळीत कायमचे उमटले. गोळी लांब असली की ती हवेत सरळ ठेवायला तिला जास्त वेगानं फिरवावं लागतं, नाहीतर भोवरा मंदावला की झोकांड्या खातो तशी ती डुलते आणि आडवी होते. वूलिचच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिलनं १८७९ मध्ये यासाठी सोपं सूत्र दिलं होतं: गोळी व्यासाच्या मानानं जितकी लांब, तितका नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या नागमोडी खाचांचा) पीळ घट्ट हवा. पिळाचा हिशेब गोळीच्या लांबीवर चालतो, वजनावर नाही. हा मुद्दा पुढं पुन्हा येणार आहे. माउझरनं पीळ ठेवला २२० मिलिमीटरला एक फेरा, सुमारे ८.६६ इंच. त्या काळाच्या मानानं बराच घट्ट. गोळी जिथून आट्यांत शिरते तो नळीचा घसाही लांब कोरलेला, कारण गोल नाकाच्या लांब गोळीला तेवढी जागा लागे.

काडतुसाचं नाव झालं ते लढायांत. १ जुलै १८९८ ला क्युबात सान हुआनच्या टेकड्यांवर मूठभर स्पॅनिश सैनिकांनी या रायफलींच्या जोरावर अमेरिकन फौजेला चांगलंच रक्तबंबाळ केलं. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअरांनी (तिथं स्थायिक झालेल्या डच वंशाच्या लोकांनी) तीच रायफल ब्रिटिशांवर रोखली. डिसेंबर १८९९ च्या एका आठवड्यात स्टॉर्मबर्ग, माखर्सफोंटेन, कोलेन्सो अशा तीन ठिकाणी ब्रिटिशांना मार खावा लागला. (कोलेन्सोला जखमी वाहून नेणाऱ्यांत गांधीजींनी उभी केलेली भारतीय रुग्णसेवकांची तुकडीही होती, त्यांच्या डोल्यांत पडलेल्या कितीतरी जणांच्या अंगात याच काडतुसाची गोळी असणार.) बोअर लढवय्यांतले बहुतेक शेतकरी, लहानपणापासून हरणांच्या मागं फिरलेले. लढाई संपल्यावर रायफल शिकारीला लागली, यात नवल ते काय.

लंडनच्या जॉन रिग्बी आणि कंपनीकडे माउझरची एजन्सी होती. ब्रिटिश गिऱ्हाइकाला मिलिमीटर रुचत नसत, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी याच काडतुसाला .२७५ रिग्बी म्हणायला सुरुवात केली. या नावाच्या दोन रायफली अख्ख्या जगाला ठाऊक झाल्या, आणि गंमत अशी की जड गोळी आणि हलकी गोळी हा सगळा वाद त्या दोघींत आधीच दिसतो.

पहिली वॉल्टर बेलची. युगांडातल्या करामोजा भागामुळं ‘करामोजो’ म्हणून ओळखला जाणारा हा स्कॉटिश माणूस हस्तिदंताचा धंदा करी. आयुष्यात त्यानं हजाराच्या वर हत्ती मारले आणि त्यातले आठशेच्या आसपास ७×५७ नं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तंत्र म्हणून ते समजून घ्यायला हवं. बेल मेंदूवर नेम धरी. हत्तीची कवटी करवतीनं उभी चिरून मेंदू नेमका कुठं बसतो ते त्यानं पाहिलं होतं. तिथवर पोचायला हवी ती न फुटणारी, न वाकणारी गोळी: पूर्ण धातूच्या कवचाची, १७३ ग्रेनची, मूळ लष्करी वजनाची. वजनाला व्यासाच्या वर्गानं भागून येणारा आकडा या गोळीसाठी ०.३१ च्या जवळ जातो. १४० ग्रेनच्या गोळीसाठी तो ०.२५ असतो. बारीक आणि जड गोळी हाडामांसात खोल शिरते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आज आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अशा जनावरांसाठी कायद्यानंच .३७५ च्या खालचा बोअर (नळीचा व्यास, इंचांत) चालत नाही.

दुसरी रायफल जिम कॉर्बेटची. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये त्यानं मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. वाघीण या रायफलीनं मेली नव्हती, रायफल तिचं बक्षीस होती. वाचकांची इथं नेहमी गल्लत होते. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र हिनंच टिपला. भारतात तेव्हा लष्करी बोअरच्या रायफली खासगी हातात जाऊ नयेत म्हणून .३०३ सारख्यांवर निर्बंध होते, त्यामुळं .२७५ सारख्या शिकारी बोअरला इथं मागणी होती. रिग्बीनं या रायफलींसाठी जी काडतुसं लोकप्रिय केली ती १४० ग्रेनच्या टोकदार गोळीची. बिबट्या आणि हरणांना ती पुरून उरते. पाठीमागं लागलेल्या जनावराच्या खांद्याचं हाड फोडायचं असेल तर गणित बदलतं.

गोळी हलकी झाली ती टोकदार गोळीमुळं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनांनी ८ मिलिमीटरच्या रायफलीसाठी १५४ ग्रेनची टोकदार गोळी घेतली. अमेरिकेनं २२० ग्रेनची गोळी सोडून १९०६ मध्ये १५० ग्रेनची घेतली आणि .३०-०६ जन्मलं. हलकी टोकदार गोळी वेगानं निघते, सपाट जाते, त्यामुळे तीनशे-चारशे मीटरवरच्या सैनिकाला अंतराचा अंदाज चुकला तरी माणूस टिपता येतो. ७ मिलिमीटरही त्याच वाटेनं १३९-१४० ग्रेनवर आलं. पण नळ्यांचा पीळ आणि घसा जुनाच राहिला. हलकी छोटी गोळी त्या लांब घशात आधी थोडी उडी मारते आणि मग आट्यांना भिडते. कधी नेम उत्तम बसतो, कधी नाही.

अमेरिकेत आणखी एक अडचण होती, आणि माझ्या मते घरी भरण्याच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे. या बोअरच्या जुन्या रायफली जगभर पसरल्या होत्या: १८९३ आणि १८९५ च्या माउझर, शिवाय रेमिंग्टनच्या एकबारी रोलिंग ब्लॉक. १८९८ च्या माउझरला बोल्टच्या (काडतूस मागून अडवून धरणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागं तिसरा सुरक्षा-दात असतो. आधीच्यांना तो नाही. कारखान्याला ठाऊक नसतं की आपलं काडतूस कुठल्या आजोबांच्या कपाटातल्या रायफलीत जाणार. म्हणून अमेरिकन मानकानं ७×५७ ला दाबाची मर्यादा चौरस इंचाला ५१,००० पौंड ठेवली. .३०-०६ ला ती ६०,००० आहे. युरोपातलं मानक ७×५७ ला ३,९०० बार देतं, म्हणजे साधारण ५६,५००. परिणाम असा की दुकानातलं १७५ ग्रेनचं अमेरिकन काडतूस सेकंदाला २,४०० फुटांच्या आसपास रेंगाळतं. मजबूत १८९८ माउझर किंवा आधुनिक रायफल बाळगणाऱ्याला वाटतं, आपल्या नळीची निम्मी ताकद फुकट जातेय. निम्मी नाही, पण जातेय खरी.

मग तो स्वतः भरायला बसतो. ही सोयही सहज मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकात टोपीचे, म्हणजे पुंगळीच्या तळाशी बसून ठोक्यानं दारू पेटवणाऱ्या वाटीचे, दोन प्रकार निघाले. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सरच्या टोपीत ऐरण (ठोका जिच्यावर आपटतो तो भाग) टोपीतच असते आणि पुंगळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र. अमेरिकन हायरम बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीलाच असते आणि छिद्रं दोन, मध्यापासून बाजूला. नशिबाचा खेळ असा की ब्रिटिशाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. एका छिद्रातून सुई घालून जुनी टोपी बाहेर ढकलणं सोपं, म्हणून घरी भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला आणि युरोपात तितका नाही. १८८४ पासून आयडियल कंपनीचं पकडीसारखं हातयंत्र मिळू लागलं होतं. पण खरा जोर आला दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रूस हॉजडननं सरकारची शिल्लक राहिलेली ४८९५ नावाची दारू, वजनानं पन्नास हजार पौंड, विकत घेतली, मालगाडीच्या जुन्या डब्यात साठवली आणि शिकाऱ्यांना स्वस्तात विकली. मागोमाग ४८३१ आली, २० मिलिमीटर तोफगोळ्यांसाठीची. ती सावकाश जळते.

सावकाश जळणं इथं कळीचं आहे. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. झटकन जळणारी दारू तेवढ्यात दाब शिगेला नेते. सावकाश जळणारी दारू गोळी पुढं सरकत असताना तिच्या मागून ढकलत राहते, म्हणून त्याच दाबात जास्त वेग मिळतो. या दारूविना १७५ ग्रेनच्या गोळीचं पुनरागमन झालंच नसतं. त्याच काळात गोळ्याही सुधारल्या. व्हर्नन स्पीअर आणि जॉइस हॉर्नडीनं सुट्या गोळ्यांचे कारखाने काढले. जॉन नॉस्लरच्या गोळ्या ब्रिटिश कोलंबियात एका मूस सांबराच्या अंगात वरवर फुटून वाया गेल्या, आणि त्या वैतागातून त्यानं मध्ये तांब्याचा पडदा असलेली गोळी काढली; १९४८ पासून ती बाजारात आली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा तसाच आत शिरत जातो. ‘जड म्हणजे खोल’ या जुन्या समीकरणाला पहिला धक्का इथं बसला.

टेबलावर काम कसं चालतं ते पाहिलं की जड गोळीची अडचण लगेच कळते. डागलेली पुंगळी पुसून, तेलाचा हलका हात लावून डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबतात. टोपी निघते आणि फुगलेलं पितळ मापावर येतं. नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची, गोळी दाबायची. आता काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावेल इतकीच, ७८ मिलिमीटर. म्हणजे लांब गोळीचं जादा अंग आत, दारूच्या जागेत जातं. जागा कमी झाली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. १४० ग्रेनच्या गोळीखाली चालणारं दारूचं माप १७५ खाली तसंच घालणं म्हणजे आपल्या डोळ्यांवर उठणं. म्हणून प्रत्येक वजनाचं माप छापील तक्त्यातूनच घेतात, तळापासून सुरुवात करतात आणि चपटी झालेली टोपी, उचलायला जड जाणारा बोल्ट, पुंगळीच्या तळावरचे चकचकीत ओरखडे दिसले की थांबतात. १८९३ च्या रायफलीत तर हा प्रयोगच करू नये.

पीळ चुकला तर काय होतं, याचा धडा याच घराण्यानं दिला. ७×५७ च्या पुंगळीचं तोंड बारीक करून .२५७ रॉबर्ट्स हे काडतूस झालं, आणखी बारीक करून रेमिंग्टननं १९५५ मध्ये .२४४ काढलं. पीळ ठेवला १२ इंचांना एक फेरा, कारण डोक्यात होत्या ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या. त्याच वर्षी विंचेस्टरनं .२४३ आणलं: पीळ १० इंच, गोळी १०० ग्रेनपर्यंत. हरणाच्या शिकाऱ्याला १०० ग्रेन हवे होते. रेमिंग्टननं १९६३ मध्ये पीळ ९ इंच करून तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावानं पुन्हा आणलं, तोवर बाजार हातचा गेला होता. जुन्या ओबर्नडॉर्फच्या नळ्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

गेल्या काही दशकांत वाद पुन्हा फिरला. निव्वळ तांब्याच्या गोळ्या १९८० च्या दशकापासून पसरल्या. शिशामुळं कॉन्डर गिधाडांना विषबाधा होते म्हणून कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तितक्याच वजनाची गोळी लांब होते आणि पीळ घट्ट मागते. पण ती तुटत नाही, आत शिरताना वजन फारसं गमावत नाही. १४० ग्रेनची तांब्याची गोळी जिथवर जाते तिथवर जायला शिशाची गोळी बरीच जड लागते. खोल शिरण्यासाठी १७५ घालणाऱ्याचं जुनं कारण त्यामुळं बरंच पातळ झालंय.

लांब पल्ल्यासाठी मात्र उलट झालं. सडपातळ, लांब गोळी हवेत वेग कमी गमावते, हे निशाणेबाजांनी दाखवून दिलं. हॉर्नडीनं २०२२ मध्ये ७ एमएम पीआरसी हे नवं काडतूस आणलं, त्याची ठरलेली गोळी १७५ ग्रेनची आणि पीळ ८ इंचांना एक फेरा. पॉल माउझरच्या १८९२ च्या नळीपेक्षा पाऊण इंचाहूनही कमी फरक.