स्वान-गँझ कॅथेटर: हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं?

अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर रक्तदाब दिसतो, रक्तप्रवाह दिसत नाही. शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडत असताना, शरीर लहान धमन्या आवळून घेतं. त्यामुळे वरचा दाब काही काळ 110 टिकतो (इथले सगळे दाब मिलिमीटर पाऱ्यात), पण मूत्रपिंडाला आणि आतड्याला रक्त कमी पडत असतं. ऑक्सिजन पेशींपर्यंत पोचतो तो प्रवाहासोबत. म्हणून हृदय मिनिटाला किती लिटर रक्त पुढे ढकलतं, हे रुग्णाच्या खाटेजवळच मोजता येणं महत्त्वाचं. स्वान-गँझ कॅथेटर, म्हणजे शिरेतून हृदयात आणि पुढे फुप्फुसाच्या धमनीत नेलेली बारीक नळी, हेच काम करते. विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढात हा आकडा साधारण 4 ते 8 असतो.

हृदयात नळी घालण्याचं धाडस 1929 मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःवरच केलं होतं. पण ताठ नळी एक्स-रेखाली बघत पुढे सरकवावी लागे आणि हार्ट अटॅकनंतर अत्यवस्थ असलेल्या रुग्णाला त्यासाठी हलवणं धोक्याचं होतं. लॉस एंजेलिसमधले हृदयरोगतज्ज्ञ जेरेमी स्वान यांना सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या बघताना कल्पना सुचली: नळीच्या टोकाला काहीतरी फुलवलं, तर रक्ताचा प्रवाहच ती वाहून नेईल. शिडाची जागा पुढे फुग्याने घेतली आणि 1970 मध्ये विल्यम गँझ व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी हे तंत्र प्रसिद्ध केलं. प्रवाह मोजण्याची तापमानाची युक्ती माणसात रुजवली ती गँझ यांनी.

नळी 110 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. टोकाला 1.5 मिलिलिटर हवेचा फुगा, त्याच्यामागे 4 सेंटिमीटरवर तापमान टिपणारा थर्मिस्टर, आणि 30 सेंटिमीटरवर द्रावण सोडायचं छिद्र. मानेच्या उजव्या शिरेतून साधारण 20 सेंटिमीटर आत गेली की फुगा फुगवतात. मग दाबाचा आलेख बघत पुढे जायचं. खालच्या उजव्या कप्प्यात शिरताच आलेख उंच उसळतो, वरचा दाब 15 ते 30 आणि खालचा शून्याच्या आसपास. फुप्फुसाच्या धमनीत पोचल्यावर वरचा दाब तितकाच राहतो, पण खालचा 8 ते 15 वर चढतो. नळी नेमकी कुठे आहे, हे या पायरीवरून कळतं. आणखी पुढे फुगा एका फांदीत अडकतो आणि हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब अप्रत्यक्षपणे दिसतो, साधारण 6 ते 12. वाचन झालं की फुगा लगेच रिकामा करायचा. तो फुगलेलाच राहिला, तर त्या पुढचा फुप्फुसाचा भाग रक्ताविना मरू शकतो. जास्त फुगवला, तर धमनी फाटू शकते. फुग्यात द्रव कधीच भरायचा नाही, आणि नळी मागे ओढायची ती फुगा रिकामा केल्यावरच.

प्रवाह मोजताना 10 मिलिलिटर थंड द्रावण 4 सेकंदांच्या आत सोडतात. थर्मिस्टरजवळून जाताना रक्त क्षणभर गार होतं. प्रवाह जोरात असेल, तर गारवा झटकन निघून जातो आणि तापमानाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ लहान येतं. हृदय मंद असेल, तर ते पसरतं. इथेच फसगत होते. सिरिंजमध्ये 10 ऐवजी 8 मिलिलिटर गेलं, की क्षेत्रफळ लहान येतं आणि यंत्र प्रवाह जास्त दाखवतं, म्हणजे खचत चाललेलं हृदय ठीक वाटतं. त्यामुळे किमान तीन मोजण्या घेऊन सरासरी काढायची आणि बेढब आलेख टाकून द्यायचा. उजव्या बाजूची झडप गळत असेल, तर आकड्यावर विसंबू नये.

दाबाच्या बाबतीत सगळ्यात साधी चूक ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे नळीतला दाब टिपणाऱ्या उपकरणाच्या, उंचीची. तो बरगड्यांमधल्या चौथ्या फटीच्या पातळीत, बगलेच्या मध्यरेषेवर हवा. 10 सेंटिमीटर खाली राहिला, तर दाब सुमारे 7 ने वाढून दिसतो. खरा 10 असेल, तर 17. मग पाणी कमी पडलेल्या रुग्णाला लघवी वाढवणारं औषध दिलं जाऊ शकतं. 1990 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 496 डॉक्टरांची या कॅथेटरवर लेखी परीक्षा घेतली गेली, तेव्हा सरासरी गुण 67 टक्के आले. जीव टांगणीला असताना हे फारच कमी.

1996 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या निरीक्षणात कॅथेटर घातलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त आढळले आणि खळबळ उडाली. 2005 च्या ब्रिटिश चाचणीत 1041 रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. रुग्णालयातले मृत्यू कॅथेटरसह 68 टक्के, त्याविना 66. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. नळीने अपाय केल्याचं दिसलं नाही, तसा फायदाही दिसला नाही. ते स्वाभाविकच आहे, कारण नळी आकडा देते, उपचार नाही.

आज ती सरसकट घालत नाहीत. हृदयामुळे आलेला शॉक, फुप्फुसातला वाढलेला दाब, हृदय प्रत्यारोपण अशा ठिकाणी तिचं काम आहे. सलाइन द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न असेल, तर पाय उचलून बघणं पुरतं. रुग्णाला आधी 45 अंशात टेकवून बसवायचं, मग खाटेच्या कळीनेच धड आडवं आणि पाय 45 अंश वर. पायांतलं सुमारे 300 मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) प्रवाह 10 टक्क्यांहून जास्त वाढला, तर हृदय आणखी द्रव पेलू शकतं. पाय हातांनी उचलू नयेत; वेदनेने आणि दचकण्यानेही प्रवाह वाढतो. आणि बघायचा तो प्रवाहच, नुसता रक्तदाब बघून ही चाचणी कळत नाही.