पार्श्वभूमी: खुदाईआधीचा लोकेटर

कोल्हापुरात रस्ता उकरायचा म्हटलं की आजही पहिली हाक चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला जाते. कुठल्या पेठेत लाइन कुठं वळते, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय, हे त्याच्या डोक्यात असतं. जुने नकाशे रस्त्याच्या कडेपासून मापलेले असतात. रस्ता रुंद झाला की ती कडच सरकते. जमिनीखालची पाइप किंवा केबल शोधणारा, हातात धरायचा रिसीव्हर म्हणजेच लोकेटर चावीवाला आणि नकाशा यांच्या मध्ये शिरला तो उशिरा.

कल्पना मात्र जुनी. 1881 साली अमेरिकेच्या जखमी अध्यक्षांच्या अंगातली गोळी शोधायला इंडक्शन बॅलन्स, म्हणजे धातू हुडकायचं यंत्र, वापरून पाहिला, तो फसला. खाटेतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ केला, असं सांगतात. शेजारच्या धातूनं फसायची खोड या यंत्राला तेव्हापासूनची आहे. पुढं केबलवाल्यांच्या हाती एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि कानाला इअरफोन आला. कॉइल आडवी धरली की लाइनच्या बरोबर वर आवाज सर्वांत मोठा, उभी धरली की तिथंच आवाज बंद. मग कॉइल 45 अंशात कलती करून बाजूला सरकायचं. आवाज पुन्हा बंद पडेल तिथपर्यंतचं अंतर म्हणजे खोली. आताच्या यंत्रात एकावर एक दोन कॉइल असतात आणि दोन्हींच्या सिग्नलमधल्या फरकावरून खोली आपोआप निघते. ती लाइनच्या मध्यापर्यंतची असते. 300 मिलिमीटरच्या पाइपचा माथा आकड्यापेक्षा 15 सेंटिमीटर वर असतो, आणि जेसीबीचं बकेट लागतं ते माथ्याला.

खरा गुंता 'लोकेटर' या शब्दात आहे. टेलिफोनच्या कामात केबल फॉल्ट लोकेटर म्हणजे तारांच्या जोडीच्या टोकाला लावायचं यंत्र. ते पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, सोडतं आणि ती परत यायला लागलेल्या वेळेवरून बिघाड किती लांबीवर आहे ते सांगतं. त्यानं 340 मीटर दाखवले तर ते केबलचे 340 मीटर, जॉइंटपाशी सोडलेली वेटोळी धरून. ती जागा रस्त्यावर नेमकी कुठं, हे सांगायला रूट ट्रेसर लागतो, म्हणजे लाइनवर सिग्नल चढवणारा ट्रान्समीटर आणि तो वरून ऐकणारा रिसीव्हर यांची जोडी. तिसरा प्रकार खुदाईआधी जमीन चाळायचा. तो अमुक एक लाइन शोधत नाही, 'इथं काहीतरी आहे' एवढंच सांगतो. बोलताना तिन्ही 'मशीन', कागदावर तिन्ही 'लोकेटर'. मागणी एकाची आणि हातात दुसरंच, हे त्यातूनच होतं. निविदेत नुसतं 'लोकेटर' लिहिणं म्हणजे दुकानात जाऊन नुसतं 'पाना द्या' म्हणण्यासारखं आहे.

या तिसऱ्या प्रकारातही मोडनिहाय फरक पडतो. पॉवर मोड 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या लहरी ऐकतो, पण त्यासाठी केबलमधून करंट वाहत असावा लागतो. दिवसा रस्त्यावरच्या दिव्यांची केबल मुकी असते. थ्री फेज केबलवर लोड समतोल असला तर तिन्ही फेजची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि जिवंत केबलही गप्प राहते. रेडिओ मोड दूरच्या अतिनीच वारंवारतेच्या केंद्रांच्या ज्या लहरी लांबलचक धातूवर चढतात, त्या टिपतो. दोन्ही मोडमध्ये काही सापडलं नाही म्हणून जमीन मोकळी समजणं ही नेहमीची चूक. खात्री हवी तर ट्रान्समीटर लावावाच लागतो.

तो लावायचा असा: लाल वायर व्हॉल्व्हला किंवा उघड्या पाइपला, गंज घासून. काळी वायर पाइपशी काटकोनात काही मीटर दूर ठोकलेल्या अर्थ पिनला. मुरुमात पिन नीट पकडत नाही, बादलीभर पाणी ओता. काळी वायर दुसऱ्या केबलवरून नेली तर सिग्नल तिच्यावरच चढतो. इंडक्शननं, म्हणजे वायर न जोडता ट्रान्समीटर नुसता जमिनीवर ठेवून, काम करताना त्याच्यापासून निदान 10 मीटर लांब राहावं, नाहीतर रिसीव्हर हवेतूनच ट्रान्समीटरला ऐकतो. वारंवारता 33 किलोहर्ट्झ ठेवली तर सिग्नल चटकन चढतो, पण शेजारच्या लाइनवरही उडी मारतो. 8 किलोहर्ट्झवर तो आपल्या लाइनला जास्त धरून राहतो. सर्वांत मोठ्या आवाजाची जागा आणि आवाज बंद पडण्याची जागा वेगळ्या आल्या, तर बाजूला दुसरी लाइन आहे असं समजा आणि खोलीचा आकडा धरू नका.

यंत्र सुधारत गेलं, पण जमिनीखालचा माल उलट्या दिशेनं बदलला. शिशाच्या जॉइंटचा जुना बिडाचा पाइप सिग्नल छान वाहून नेतो. नंतरच्या डक्टाइल लोखंडी पाइपला जॉइंटमध्ये रबरी रिंग आली आणि दर जॉइंटला सिग्नल अडू लागला. तिथं जास्त वारंवारता वापरावी लागते. पीव्हीसी, एचडीपीई, गॅसचा पिवळा पाइप, डक्टमधली धातू नसलेली ऑप्टिकल फायबर हे सगळं रिसीव्हरला दिसतच नाही. काळम्मावाडीहून पाणी आणणारी थेट पाइपलाइन पोलादी आहे, ती सापडायला अवघड नाही. अडचण गल्लीतल्या प्लॅस्टिकची. जमिनीत रेडिओ लहरी सोडून परतणाऱ्या लहरी वाचणाऱ्या ग्राउंड पेनेट्रेटिंग रडारचं नाव घेतलं जातं, पण पंचगंगेच्या काठच्या काळ्या मातीत ओल आणि चिकणमाती लहरी गिळतात. पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

टोलच्या वादात शहराच्या रस्त्यांवर एवढं बोललं गेलं, पण रस्त्याखाली काय आणि कुठं याची नोंद हा विषय कायम मागच्या बाकावर राहिला. बाहेर मात्र त्याला शिस्त लागत होती. अमेरिकेत 2002 साली माहितीच्या चार पातळ्या ठरल्या: फक्त नोंदी, जमिनीवरच्या खुणा, यंत्रानं शोध, आणि उघडं करून मापणं. ब्रिटनमध्ये 2014 साली तसंच मानक आलं. आपल्याकडं मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. त्यातून खोदणारा आणि लाइनचा मालक एकमेकांना सापडतात. लाइन सापडते असं नाही.

प्लॅस्टिकवर उपाय आहे, पण तो पाइप टाकतानाच करावा लागतो: सोबत सिग्नल धरणारी तांब्याची ट्रेसर वायर, किंवा वळण आणि जॉइंटवर मार्कर बॉल, म्हणजे ठरावीक वारंवारतेला उत्तर देणारा पुरायचा गोळा. पाण्याचा निळा बॉल 145.7 किलोहर्ट्झला, गॅसचा पिवळा 83 ला, टेलिफोनचा नारिंगी 101.4 ला उत्तर देतो, आणि त्यासाठीही मार्कर वाचू शकणाराच रिसीव्हर लागतो. ट्रेसर वायरचं टोक व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये वर काढून ठेवायचं असतं. तेच बहुतेक वेळा मातीत गाडलं जातं.