त्रिशुंड गणपतीच्या तळघरातलं पाणी

जुन्या देवळाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की पुण्यात पहिला शब्द कानावर येतो तो 'सुशोभीकरण'. म्हणजे आवारात पेव्हर ब्लॉक, भिंतींना रंग, कडेने लोखंडी जाळी आणि चार कुंड्या. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या संदर्भात हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते. कारण ती वास्तू नुसतं देऊळ नाही. तो गोसाव्यांचा मठ होता, आणि त्याच्या बांधणीतला फार महत्त्वाचा भाग जमिनीच्या खाली आहे.

बांधणारे भीमगिरजी गोसावी मूळचे इंदूरजवळच्या धामपूरचे. २६ ऑगस्ट १७५४ ला काम सुरू झालं आणि १७७० मध्ये पुरं झालं. मधली सोळा वर्षं पुण्यासाठी किती वाईट होती ते आठवून पाहा. १७६१ ला पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले, १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने शहर लुटलं, जाळलं. एवढ्यातूनही इथलं काम तडीला गेलं. राज्याच्या तिजोरीत खडखडाट असताना हे जमलं कसं, याचं उत्तर गोसाव्यांच्या रीतीभातीत आहे.

गोसावी म्हणजे दशनामी संन्यासी; गिरी, पुरी, भारती अशी त्यांची दहा नावं. पण अठराव्या शतकातले गोसावी नुसते भिक्षा मागत फिरत नव्हते. तीर्थयात्रेच्या वाटांवर त्यांचा व्यापार चाले, सावकारी चाले. पेशव्यांच्या सरदारांनासुद्धा त्यांच्याकडून कर्ज मिळे. पुण्यात त्यांची वस्ती इतकी मोठी की 'गोसावीपुरा' हे नावच पडलं. आणि गादी गुरूकडून चेल्याकडे जायची, त्यामुळे घराण्यासारख्या वाटण्या नाहीत. पैसा मठातच साठत गेला आणि तो दगडात उतरला.

जागा निवडली ती नागझरीच्या काठाची. आज नागझरी म्हटलं की लोक नाक दाबतात, पण तेव्हा तो वाहता ओढा होता. पेशवाईतली देवळं आणि पाणी यांचा विचार बहुतेक एकत्रच व्हायचा. नानासाहेबांनी पर्वतीवर १७४९ मध्ये देवदेवेश्वर उभारला, आंबिल ओढा वळवून टेकडीच्या पायथ्याशी तळं केलं, कात्रजहून नळ आणून गावातले हौद भरले. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्या तळ्यातल्या बेटावर गणपती बसला. तळं केव्हाच आटवलं, तिथे सारसबाग झाली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'तळ्यातला गणपती'च आहे. सोमवार पेठेतल्या मठातलं पाणी मात्र अजून जागेवर आहे.

आधी दर्शनी भिंत. काळ्या पाषाणाची, आणि इंच न् इंच कोरलेली. द्वारपाल, हत्ती, मोर, पोपट, आणि त्यांच्यात साखळदंडाने जखडलेला एक गेंडा, शेजारी बंदूकधारी गोरे शिपाई. गेंडा म्हणजे बंगाल; १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी तो घेतला, त्याचं हे चित्र असल्याचं अभ्यासक मानतात. देशभर फिरणाऱ्या संन्याशांच्या कानावर अशी बातमी लवकर येत असणार. ती दगडात कोरावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. गाभाऱ्याच्या भिंतीत तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फार्सी. मोरावर बसलेल्या तीन सोंडांच्या गणपतीवरून देवळाला नाव पडलं खरं, पण भिंतींवरची शिल्पं पाहिली की शैव वळण लपत नाही.

आणि या सगळ्याखाली तळघर. इथे हठयोगाची साधना चाले असं सांगतात. तिथेच गोसावी महंतांची समाधी आहे. वर्षातला बहुतेक काळ हे तळघर पाण्याने भरलेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, गळती आहे, बुजवली पाहिजे. ओढ्याकाठच्या जमिनीतलं ते पाणी आहे आणि वास्तू अडीचशे वर्षं त्यात पाय बुडवून उभी आहे.

हे निभलं त्यात चुन्याचाही वाटा आहे. पेशवाईतल्या दगडी कामाचा चुना घाण्यात मळलेला असायचा. बैल गोल फिरवत दगडी चाकाखाली चुना नि वाळू रगडायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी पडायचं. असा चुना ओल घेतो आणि परत सोडतो. सिमेंट ती अडवून धरतं. मग ओल दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटायला लागतात. तैलरंगाचंही तेच.

आमच्या लहानपणच्या एका देवळात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाराभोवतीची माती काढून सगळीकडे फरशी केली, सांधे सिमेंटने भरले. झाडून काढायला सोपं झालं, सगळे खूश. दोन-तीन पावसाळ्यांत गाभाऱ्याची भिंत कमरेपर्यंत ओली दिसायला लागली, कारण आवारात मुरणारं पाणी आता भिंतीकडेच वळत होतं. पुजारीकाका रोज सकाळी पांढरी बुकटी हाताने पुसून काढायचे. ती मीठ होती. पारावरच्या पिंपळाची एक बाजू वाळली ती वाळलीच.

म्हणून त्रिशुंडाच्या आवारात कुठलंही काम काढायचं तर आधी पावसाळ्याआधीची आणि नंतरची पाण्याची पातळी मोजा, मग कुदळ लावा, असं माझं ठाम मत आहे. भोवतीची जमीन उघडी राहिली पाहिजे. फरशी लागणारच असेल तर दगडी, वाळूवर बसवलेली, सांधे मोकळे ठेवून.

तळघर पाहायचं असेल तर गुरुपौर्णिमेला जा. त्या दिवशी पाणी उपसून समाधी दर्शनाला मोकळी करतात. पायऱ्या बुळबुळीत असतात, एक हात भिंतीला लावूनच उतरावं लागतं, आणि तो दगड तळव्याला मातीच्या माठासारखा गार लागतो. गुरुपौर्णिमा आषाढातली, म्हणजे वर पाऊस चालूच असतो. दर्शन उरकून लोक घरी जातात आणि पाणी पुन्हा चढायला लागतं.